दुसरा साक्षीदार

वसंता, परवा तुझा तेरावा झाला आणि आज तुझी शोकसभा. एवढ्या अवधीत तुझ्या लोकांनी तुझा इतिहास पार बिघडवून ठेवला आहे. जन्मभर तू दुसऱ्यांच्या मरणाच्या तारखा दुरुस्त करत बसलास, आणि आता तुझ्याबद्दल कोण काय ठोकून देतंय ते ऐकायला तू नाहीस. मला मात्र पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकावं लागलं. चौकातल्या फ्लेक्सवर तुझा फेटा बांधलेला फोटो आहे आणि खाली ‘इतिहासमहर्षी’ असं लिहिलंय. फेट्यानं तुझं डोकं दुखायचं, आणि महर्षी म्हणणाऱ्याला तू चहासुद्धा पाजला नसतास.

हे मी तुझ्याच ओसरीवर बसून लिहितोय. सांगलीची एसटी आता मिळायची नाही असं सांगून वहिनींनी मला थांबवून घेतलं. एसट्या भरपूर आहेत, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण उद्या सकाळी मला इथंच असायला हवं. उद्या धनाजी समाधीपाशी कुदळ मारणार आहे. तुझा धनाजी, तुझं बोट धरून राजकारणात आलेला, आज तुझ्या खुर्चीवर बसलेला नगराध्यक्ष.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी क्रमानं सांगतो. क्रम सोडला की तू चिडायचास.

साताऱ्यात आपण एका खोलीत राहायचो. तू कॉलेजात इतिहास शिकवायला नवा, मी शाळेत गणित शिकवायला नवा. मी सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातला, दिवस मावळायच्या आत जेवणारा. पहिल्याच दिवशी तू मला हसला होतास, ‘लेका भुपा, तू मिलिटरीत असतास तर उपाशी मेला असतास.’ साताऱ्यात घरटी एक फौजी, त्यामुळं तुझे सगळे दाखले मिलिटरीचे. पण दुसऱ्या दिवसापासून खानावळीच्या मावशींना सांगून डबा लवकर आणवायला लागलास, आणि मला एकट्याला जेवायला नको म्हणून माझ्याबरोबर उजेडीच जेवायचास. मग झोपायच्या वेळी तुला भूक लागायची आणि शेंगदाणे चावत मला शिव्या द्यायचास. अजिंक्यताऱ्यावर उन्हं तांबूस झाली की खिडकीतून ओरडायचास, ‘भुपा, दिवस बुडतोय, जेवून घे.’ तेव्हापासूनची ती तुझी सवय.

तुझा एक नियम होता. एकट्यानं पाहिलेली गोष्ट पाहिली असं म्हणायचं नाही. दगड असो नाहीतर कागद, दोघांनी वेगवेगळं पाहायचं, आपसात बोलायचं नाही, पाठमोरं उभं राहून आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग कागद बदलायचे. जुळलं तर खरं. नाही जुळलं तर चहा पिऊन पुन्हा पहिल्यापासून. तुझा दुसरा साक्षीदार म्हणून माझे कितीतरी रविवार तू खाल्लेस. मला इतिहासातलं ओ का ठो कळत नव्हतं. ‘तेच तर तुझं भांडवल आहे,’ म्हणायचास, ‘तुला काय दिसायला पाहिजे हेच तुला माहीत नाही, म्हणून तू जे असेल तेवढंच बघतोस.’ माझी आयुष्यात कुणी केलेली ही एवढीच स्तुती.

अशाच एका रविवारी तू मला या तुझ्या गावी आणलंस. नदीकडच्या अंगाला, घाटाच्या वर, ती उभी शिळा. गाव तिला सरदारबाबाची समाधी म्हणतं. कोपरात वाकवून वर उचललेला एक हात कोरलेला, त्याच्या डोक्यावर चंद्र आणि सूर्य. लढाईत पडता पडता सरदारानं फौजेला पुढं जायची खूण केली, तोच हा हात, असं तू लहानपणापासून ऐकत आलेला. वर्षाला उत्सव, ढोल, भंडारा, आणि उत्सवाच्या आधी शिळेवर रंगाचा नवा हात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरावर ऑइलपेंट चढून चढून तो हात सुजल्यासारखा दिसत होता.

तू रॉकेलचं फडकं घेऊन मनगटापाशी रंग उतरवत बसलास. अर्धी सकाळ गेली. दगड उघडा पडला तेव्हा खिशातल्या पुडीतलं चिमूटभर गव्हाचं पीठ त्यावर चोळलंस आणि बाजूला झालास. म्हणालास, ‘डोळ्यानं नको, बोटानं बघ.’ मी बोट फिरवलं. मनगटापासून कोपराकडं एकापुढं एक गोल कडा लागत होत्या. मग आपण नेहमीसारखे पाठमोरे उभे राहिलो, लिहिलं, कागद बदलले. तुझ्या कागदावर एकच शब्द होता आणि माझ्याही कागदावर तोच. बांगड्या.

तू तिथंच फतकल मारून बसलास. तुला काही लागलं की तुझी कॉलेजातली भाषा गळून पडायची. ‘ह्यो सरदार न्हवं रं,’ म्हणालास. ‘ही बाई हाय. नवऱ्याच्या सरणावर जाळल्याली. आन आमी हिला बाबा म्हनून नारळ फोडतोय. आरं, हिला कुनी नाव तरी विचारलं आसंल का गड्या?’ तुझ्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुझ्या पहिल्या पुस्तकात त्यावर एक तळटीप आली. ही शिळा कुणा सरदाराची नाही, एका अनाम बाईची सतीशिळा आहे, हातात बांगड्या आहेत, दोघांनी स्वतंत्रपणे पाहिल्या आहेत. खाली तुझं नाव आणि माझं. गावात ते पुस्तक कुणी वाचलं नाही म्हणून तू वाचलास. फोटो काढायला आपल्यापैकी कुणाकडं कॅमेरा नव्हता, आणि तू म्हणालास, ‘फोटो कशाला, दगड आहे की जागेवर.’ वसंता, तुझ्यासारख्या माणसानं असं म्हणावं याचा मला आजही राग येतो.

पुढं मी सांगलीला आलो, विश्रामबागेत घर केलं. तू निवृत्त होऊन गावी परतलास आणि दोन गटांच्या भांडणात नगराध्यक्ष झालास. दोघांनाही वाटलं, पुस्तकातला माणूस आहे, सह्या करून गप्प बसेल. तू पहिल्याच सभेत एका सदस्याला विचारलंस, वॉर्डात पाणी येत नाही याला पुरावा काय? पुढच्या सभेला तो बिचारा कोरडी ठणठणीत घागर घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. तू ती उलटी करून पाहिलीस, म्हणालास, ‘अस्सल साधन आहे. मान्य.’ त्या वॉर्डाला पाणी मिळालं. पालिकेचे जुने कागद उंदीर-वाळवीतून काढून तू कोरड्या खोलीत नेलेस. हे सगळं खरं आहे, आणि आज सभेत यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही.

पण उत्सव आला. नगराध्यक्षानं पहिला हार घालायचा, ही इथली रीत. मी मुद्दाम सांगलीहून आलो, तू काय करतोस ते बघायला. तू ढोलाच्या मागं चालत आलास, चप्पल काढलीस, आणि ज्या मनगटावरून आपण दोघांनी बोटं फिरवली होती त्याच्यावर हार घातलास. लोक म्हणाले, ‘सरदारबाबाच्या नावानं चांगभलं.’ तूही म्हणालास. मी गर्दीतून तुझ्याकडं बघत होतो आणि तू माझी नजर चुकवत होतास.

त्यानंतर पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात तळटीप नव्हती. आणि त्याच वर्षी तू शिळेवर पितळी पत्रा बसवून घेतलास, वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी, वर उचललेल्या हातासकट.

माझ्या घरी, गॅलरीत बसून आपण भांडलो ते आठवतं? मी विचारलं, पत्रा काय म्हणून ठोकलास? तू म्हणालास, ‘रंगाच्या डब्यापासून वाचवायला. दरसाल खरवडायचं आणि दरसाल लिंपायचं. आणखी थोड्या वर्षांनी बोटाला काही लागलं नसतं. पत्र्याखाली ती सुखरूप आहे.’

‘आणि तळटीप? ती कशाखाली सुखरूप ठेवलीस?’

तू हळूच म्हणालास, ‘भुपा, खुर्चीवर बसून खरं बोललं की त्याचं राजकारण होतं. हा गट म्हणणार त्यानं बोलायला लावलं, तो गट म्हणणार ह्यानं. खुर्ची सुटू दे. पत्रा मीच काढतो, माझ्या हातानं.’

माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, ‘तिला आधी जाळलं, मग शेंदरात लिंपलं, आणि तू शिकलासवरलेला माणूस, तू तिला डब्यात बंद केलंस.’ तू चप्पल घालून चालता झालास, चहा तसाच ठेवून.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला आणि फोन वाजला. ‘जेवलास का?’ एवढंच. मी ‘हो’ म्हणालो आणि ठेवला. भांडण भांडणाच्या जागी राहिलं.

हा फोन सुमन गेल्यापासूनचा. माझी बायको गेली तेव्हा तू माझ्याकडं येऊन राहिलास, आणि तुझ्या लक्षात आलं की मी संध्याकाळचं जेवणच सोडलंय. वेळेत एकट्यासाठी ताट घ्यायला मन होत नव्हतं आणि वेळ टळली की जेवायचं नाही, असं मी स्वतःला छान अडकवून घेतलं होतं. तू काही उपदेश केला नाहीस. गावी परत गेलास आणि त्या संध्याकाळपासून फोन सुरू केलास. नगराध्यक्ष झाल्यावरही चुकवला नाहीस. सर्वसाधारण सभा ऐन रंगात आली तरी तू खिडकीबाहेर बघायचास, ‘थांबा, एक फोन करायचाय’ म्हणून उठायचास, आणि इकडं मी भाताचा घास घेऊन बसलेलो असायचो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशीही आलेल्या त्या फोनबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता कुणाला सांगू?

खुर्ची सुटली. मी विचारलं, पत्रा? तू म्हणालास, पुढच्या उत्सवाला. त्या उत्सवाला तुझे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या उत्सवाला गावात निवडणूक होती. मग मीही विचारायचं कमी केलं, कारण विचारलं की फोनवर तुझा श्वास ऐकू यायचा आणि बराच वेळ दुसरं काही नाही. तू भ्यालास की थांबलास, वसंता? मला हे कळायला हवं. मी तुझ्यावर चिडू की तुझी बाजू घेऊ, हे या एका उत्तरावर आहे आणि ते उत्तर तू घेऊन गेलास.

कराडजवळच्या मलकापूरच्या दवाखान्यात मी आलो तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. आत तू, तोंडावर मास्क, हाताला सुया. मी तुझ्या पलंगाच्या कडेला वाकलो. मरणाऱ्या माणसाला कुणी असं विचारत नाही, पण मला दुसरी संधी नव्हती. म्हणालो, ‘वसंता, पत्रा काढायचा ना? नुसती मान हलव.’ तू माझ्याकडं बघितलंस. ओळखलंस, हे नक्की. मास्क बाजूला सारलास आणि म्हणालास, ‘भुपा, दिवस मावळतोय. जा, जेवून घे.’ सिस्टर रागावून मास्क लावायला आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. सकाळी तू गेलास.

आठवड्याभरात धनाजी विश्रामबागेत माझ्या घरी आला. गुडघ्याला हात लावून पाया पडला. रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग म्हणाला, ‘सर, समाधीवर मोठं स्मारक करायचं ठरलंय. घोड्यावरचा सरदार, बांधीव चौथरा. आन त्याला आपल्या सरांचं नाव.’

मी विचारलं, ‘आणि शिळा?’

‘ती पाया भरताना आत घ्यायची. चौथऱ्याच्या बरोब्बर मधी. कायमची सुखरूप.’ तुझाच शब्द, वसंता. ‘काय हाय, काई लोक आडवं येत्यात. तुमी शेवटाला सरांच्या जवळ हुता. तुमी शोकसभेत फकस्त एवढंच सांगा, की स्मारक व्हावं ही सरांची शेवटची इच्छा हुती. तुमच्या शब्दाच्या म्होरं कोन जानार न्हाई.’

मी सांगितलं, तो असं म्हणाला नाही.

‘मग काय म्हनले?’

खरं सांगतो, मी लाजलो. एवढा मोठा माणूस जाताना एवढंच म्हणाला, हे मला त्याच्यापुढं ठेववेना.

आज एसटीनं येताना कराडपर्यंत माझ्या डोक्यात एकच चक्र चाललं होतं. माझ्या शब्दाच्या पुढं कोणी जाणार नाही, हे धनाजीनं मला आपण होऊन सांगून ठेवलं होतं. मग मी दुसरंच वाक्य का सांगू नये? ‘वसंतराव जाताना म्हणाले, पत्रा काढा, ती बाई आहे.’ एवढं बोललं की शिळा वाचते. तुझी अब्रू वाचते. तू शेवटी खरं बोललास असं गाव म्हणेल, आणि माझंही त्यानं समाधान होईल. मी ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘आवं, काय पायजे का?’ मी नाही म्हणालो. वाक्य इतकं तुझ्यासारखं जमलं होतं की माझा मलाच विश्वास बसायला लागला. तेव्हा मी घाबरलो.

पालिकेचं सभागृह भरलं होतं. एकामागून एक उठले. एकजण म्हणाला, सर रोज संध्याकाळी, काहीही चालू असो, थेट मंत्रालयात फोन लावायचे, गावाची गाऱ्हाणी मांडायचे, त्यांच्या त्या फोनमुळं गावाला पाणी मिळालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी ज्यांनी तुला उठून जाताना पाहिलं होतं ते आता साक्षीदार झाले होते. पाहिलं ते खरं होतं, वसंता, तू खिडकीत उभं राहून फोनवर बोलतोयस. फक्त पलीकडं मंत्री नव्हता, मी होतो, तोंडात घास घेऊन.

धनाजीनं माझं नाव पुकारलं. मी उठलो. म्हणालो, ‘तो संध्याकाळचा फोन मला असायचा. माझी बायको गेल्यापासून मी जेवलो की नाही ते तो विचारायचा. मंत्रालयाला त्यातलं काही ठाऊक नाही.’ थोडे लोक हसले. मग हसू विरलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही वाटत होतं की तू गावच्या कामाचं बोलतोस, हे त्यांनी मला मघाशी सांगितलं.

मग मी म्हणालो, ‘शेवटीही तो तेच म्हणाला. दिवस मावळतोय, जेवून घे. स्मारकाबद्दल तो काही बोलला नाही. समाधीबद्दलही काही बोलला नाही. मी विचारलं होतं, तरी बोलला नाही.’ ते दुसरं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. गिळताना किती दुखलं ते तुला कळणार नाही.

‘आता जे सांगतो ते त्याच्या नावावर नाही, माझ्या नावावर,’ मी म्हणालो. ‘ती शिळा सरदाराची नाही. एका जाळलेल्या बाईची आहे. तिच्या हातात बांगड्या आहेत. मी बोटानं पाहिल्यात. तिला चौथऱ्याखाली गाडू नका. पत्रा काढा आणि बघा. दोघा-दोघांनी बघा, एकमेकांशी न बोलता.’

सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘वय झालं सरांचं.’ धनाजी उठला. त्याचा आवाज मऊ होता, तो माझा अपमान करत नव्हता, आणि म्हणूनच मला काही करता येईना. म्हणाला, ‘सर, तुमचा आदर हाय. पर त्यो पत्रा आपल्या सरांनी सोताच्या हातानं बशीवला. त्यांच्या हातचा पत्रा आमी कसा काढायचा? आन तसं काय आसतं तर सरांनी पुस्तकात लिवलं नसतं का? ह्ये बघा, माझ्याकडं पुस्तक हाय.’ त्याच्या हातात दुसरी आवृत्ती होती. मी पहिलीचं बोललो. तो म्हणाला, ‘मग नव्यात सरांनीच काढलं म्हनायचं. म्हंजे चुकीचं आसंल म्हनूनच की.’

बघ कसं अचूक बांधलंस तू सगळं. तुझाच पत्रा, तुझंच पुस्तक, तुझाच शिष्य, आणि तुझ्याच पद्धतीनं पुरावा. त्यानं घागर उलटी करून दाखवली आणि ती रिकामी निघाली. मी खाली बसलो. उद्या सकाळच्या भूमिपूजनाची वेळ जाहीर झाली आणि सभा श्रद्धांजलीसाठी उभी राहिली.

बाहेर पडताना एक पोरसवदा बाई आडवी आली. दवाखान्यातली ती सिस्टर, याच गावची निघाली. म्हणाली, ‘काका, त्या दिवशी मीच हुते. मास्क काढला म्हनून मी रागावले हुते, आठवतंय? सर म्हनले ते मी बी ऐकलं. दिवस मावळतोय, जेवून घे. मला आधी वाटलं मलाच म्हनत्यात. मी म्हनले सुद्धा, सर, माझा डबा हाय. पर त्यांनी भुपा असं नाव घेतलं हुतं, मंग कळलं.’ मी तिचा हात धरला आणि भर रस्त्यात रडलो. तिला वाटलं, मी तुझ्यासाठी रडतोय. ते तर आहेच. पण वसंता, तुझ्या शेवटच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार मिळाला होता, स्वतंत्र, माझ्याशी न बोललेला. भुपा हे नाव तर मी सभेत घेतलंही नव्हतं. तुझ्या नियमानं ते सिद्ध झालं. तुझ्या सगळ्या आयुष्यातलं आता एवढंच पक्कं आहे, की जाताना तुला माझ्या जेवणाची काळजी होती.

आणि तिचं काय? तिच्या बांगड्यांचे साक्षीदार आपण दोघंच होतो. त्यातला एक गेला, जाण्याआधी तळटीपही काढून घेऊन गेला. आता मी एकटा उरलो. तुझ्याच नियमानं, वसंता, आज संध्याकाळी त्या शिळेवर बांगड्या नाहीत.

वहिनींना मघाशी विचारलं, पत्र्याबद्दल तो घरात कधी काही बोलला का? झोपेत, तापात, चिडून, कसंही? त्या म्हणाल्या, ‘न्हाई ओ भाऊजी. घरात ते सभेचं काई बोलायचे न्हाईत. उत्सवाच्या दिवशी तेवढं जेवायचे न्हाईत. मला वाटायचं, उपास धरत्यात.’

तू त्या दिवशी जेवायचा नाहीस? मला उजेडीच जेवायला लावणारा तू, त्या एका दिवशी उपाशी राहायचास? हे तू मला सांगायला हवं होतंस रे. मी इतकं बोललो नसतो. पण ही एकट्या वहिनींची साक्ष. हिचं मी काय करू?

नदीवरची उन्हं उतरलीत. वहिनींनी ताट आणलंय, कांदा न घालता केलेली आमटी, भात. फोन मांडीवर आहे. तो वाजणार नाही हे कळतंय, तरी मी हात धुऊन थांबलोय. आता थांबता यायचं नाही, उजेड जाईल. तू सांगितलंस म्हणून जेवतो. सकाळी मी तिथं जाऊन पत्र्याला पाठ लावून उभा राहणार आहे. दोघं धरून बाजूला करतील मला, हळूच, आदरानं. माझ्यात तेवढा जोर नाही.

वसंता, स्मारक नको, महर्षी नको, तुझी बाजूसुद्धा मांडू नकोस. एकदाच ये. माझ्याकडं पाठ करून उभा राहा, कागदावर तो एक शब्द लिही, आणि कागद माझ्या हातात दे.